उजव्या कोपऱ्यातलं नाव

मागच्या मार्चमध्ये आमच्या कार्यशाळेत एक बाई तीन चित्रं घेऊन आल्या. पॅरिसमध्ये मी गेली अकरा वर्षं चित्रांना चौकटी करते, आणि आमच्याकडे येणारं निम्मं काम असंच असतं: कुणाचं तरी घर रिकामं होतं, भिंतीवरचं सामान वाटलं जातं, आणि ज्याच्या वाट्याला जे आलं ते घेऊन तो काउंटरपाशी उभा राहतो. या बाईंच्या आजीच्या जेवणघरातली ही तीन छापचित्रं. सोनेरी चौकटी, त्यांचा मुलामा कोपऱ्यांवर उडालेला, काचेच्या आत कसर मरून पडलेली. बाईंची मागणी साधी होती. जुना तपकिरी माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा खिडकी कापलेला पुठ्ठा, काढून फिकट हिरवा घालायचा, पडद्यांना शोभेल असा.

दोन चित्रं जोडीची होती, आणि ती मी आल्याबरोबर ओळखली. एक नाचाचं, एक मैफलीचं. ओग्युस्तँ द सेंत-ओबँ या फ्रेंच चित्रकाराच्या रेखाटनांवरून द्युक्लो नावाच्या कोरक्याने १७७४ साली ही तांब्यावर कोरली. मैफलीच्या चित्रात उंच छताचा दिवाणखाना आहे, हार्प्सिकॉर्ड हे पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य आहे, आणि भोवती रेशमी झग्यांतली, केसांना पावडर लावलेली माणसं. फ्रान्समधल्या खानावळींत, दंतवैद्यांच्या प्रतीक्षालयात, जुन्या हॉटेलांच्या जिन्यात ही जोडी इतकी टांगलेली असते की तिच्याकडे कुणी बघत नाही. बाईंकडच्या प्रती अर्थातच मूळच्या नव्हत्या. तांब्याचा पत्रा दाबाखाली कागदात रुततो आणि चित्राभोवती एक दबलेली चौकोनी रेघ सोडतो. इथे ती नव्हती. शे-सव्वाशे वर्षांमागे शोभेसाठी छापलेल्या प्रती होत्या त्या.

तिसऱ्या चित्रापाशी मात्र मी थांबले. झाडाखाली बसलेली एक तरुणी, डोक्यावर गवती टोपी, पायाशी कोकरू, अंगावर मेंढपाळणीचा म्हणून घातलेला पण सॅटिनचा झगा. मांडीवर एक लांबट पेटीसारखं वाद्य, त्याला बाजूने हँडल. हे वाद्य म्हणजे व्हिएल. इंग्रजीत तिला हर्डी-गर्डी म्हणतात. आत लाकडी चाक असतं, हँडल फिरवलं की ते तारांवर घासतं, म्हणजे चाक हाच गज. डाव्या हाताने पट्ट्या दाबून सूर बदलायचे, आणि बाकीच्या तारा तंबोऱ्यासारख्या एकच सूर अखंड धरून राहतात. चित्रातली तरुणी हँडल डाव्या हाताने फिरवत होती.

याचं कारण मला माहीत होतं. पत्र्यावर जे कोराल ते कागदावर उलटं उमटतं. घाईच्या किंवा स्वस्तातल्या कामात कोरक्या समोरचं चित्र आहे तसंच पत्र्यावर उतरवतो आणि छापात डावं-उजवं बदलतं. तलवारी उजव्या कमरेला जातात, व्हायोलिनवाले डावरे होतात. तरी मी तिचा फोटो काढून ठेवला, कारण तिच्याबद्दल विचारायला माझ्याकडे एक माणूस होता.

शातले स्टेशनच्या लांब भुयारात आठवड्यातून दोनदा एक वादक व्हिएल वाजवतो. मेट्रोचा परवान्याचा बिल्ला गळ्यात, समोर कापडी पिशवी. वर्षभर त्याच्यापुढे नाणं टाकून मी पुढे जात होते. एकदा गाडी बंद होती म्हणून थांबले आणि आमची ओळख झाली. त्यानेच मला तारांची नावं सांगितली. एका तारेला ‘माशी’ म्हणतात. आणि एका तारेखालच्या सैल घोडीला ‘कुत्रा’ म्हणतात. हँडल फिरवताना मनगटाने हिसका दिला की ती घोडी वाद्याच्या पाटीवर थडथडते आणि सुरातून ताल निघतो. सगळी कारागिरी त्या हिसक्यात. चाकाच्या एका फेऱ्यात चार हिसके, कधी सहा. त्याच्या उजव्या मनगटाला कापडी पट्टा असतो तो त्यामुळेच.

फोटो त्याने बराच वेळ पाहिला. डाव्या-उजव्याचं त्याला काही वाटलं नाही. तो म्हणाला, “वाद्य कसं धरलंय बघा. पट्ट्या खालून आत दाबायच्या असतात आणि सोडल्या की त्या स्वतःच्या वजनाने खाली पडतात. म्हणून वाद्य पुढे झुकलेलं लागतं. हिने ते मागे कलतं ठेवलंय, म्हणजे बघणाऱ्याला वरची नक्षी दिसेल. एक पट्टी दाबली तर ती तशीच अडकून बसेल.” मग थोडं थांबून म्हणाला, “आणि पट्टा नाही. कमरेला बांधल्याशिवाय ही वाजत नाही.”

मी त्या रात्री घरी गेले ती हेच डोक्यात घेऊन. तिच्या मांडीवरचं वाद्य वाजूच शकत नव्हतं, आणि इतकी वर्षं कुणाच्या तरी जेवणघरात ते संगीताचं चित्र म्हणून टांगलेलं होतं.

पुढच्या काही महिन्यांत सुट्टीच्या दिवशी मी व्हिएलची चित्रं शोधत फिरले. आणि जे हाती लागलं त्याने माझं रोजचं काम बदललं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मॅरिन मेर्सेन हा फ्रेंच साधू आणि गणिती. त्याने १६३६ मध्ये वाद्यांवर मोठा ग्रंथ काढला. त्यात तो व्हिएलबद्दल सरळ लिहून गेला आहे: प्रतिष्ठित लोक ही वाजवत असते तर तिची इतकी हेटाळणी झाली नसती, पण ती गरिबांच्या, विशेषतः पोटासाठी वाजवणाऱ्या आंधळ्यांच्या हातात आहे, म्हणून तिला मान नाही. वाद्यात खोट आहे असं तो म्हणतच नाही. खोट कुठे आहे ते त्याला स्वच्छ दिसत होतं.

त्याच सुमाराची, झाक कालो या फ्रेंच कोरक्याची छापचित्रं आहेत. कालो फ्लॉरेन्सला, तिथल्या राज्यकर्त्या मेदिची घराण्याच्या पदरी होता, तिथले दरबारी सोहळे त्याने तांब्यावर कोरले. १६२१ मध्ये तो आपल्या गावी, नान्सीला परतला आणि पुढच्या एक-दोन वर्षांत त्याने पंचवीस पत्र्यांची भिकाऱ्यांची मालिका केली. त्यात एक व्हिएलवाला आहे. चित्र पोस्टकार्डाहूनही लहान. मागे झाड नाही, भिंत नाही, जमीन जेमतेम सावलीपुरती. फाटका अंगरखा घातलेला म्हातारा समोर तोंड करून उभा आहे. दरबाराच्या चित्रांत शेकडो माणसं, रथ, कारंजी, दिवे दाखवणाऱ्या हाताने या माणसाला उभं राहायला रस्तासुद्धा दिला नाही असं मला आधी वाटलं. आता तसं वाटत नाही. मागे काहीच नसल्यामुळे डोळे दुसरीकडे जाऊ शकत नाहीत. त्याच्याकडेच बघावं लागतं.

रेम्ब्रांटचं १६४८ चं चित्र मी सगळ्यांत जास्त वेळा पाहिलं. एक भटकं कुटुंब एका घराच्या दारात आलं आहे. म्हाताऱ्याच्या पोटाशी व्हिएल, बाईच्या पाठीला बांधलेलं मूल, आणि आपल्याकडे पाठ करून उभा असलेला मोठ्या टोपीचा मुलगा. दार दोन फळ्यांचं, खालची फळी बंद. घरमालक तिच्यावरून वाकून बाईच्या तळहातावर नाणं ठेवतो आहे. पुढ्यातून गटाराचं पाणी वाहतं आहे. वाजवणं थांबलेलं आहे. चित्राचा मध्य ते नाणं आहे. आणि देणाऱ्याचा चेहरा उर्मट नाही, घेणाऱ्यांचा लाचार नाही. त्या उघड्या-बंद दाराने जेवढं अंतर ठेवलं आहे तेवढंच अंतर आहे. मी चौकटीची माणूस, म्हणून असेल, पण ती खालची बंद फळी मला चित्राइतकीच महत्त्वाची वाटते.

आता इथून पुढे सत्तर वर्षं. १७१६ च्या सुमारास व्हर्सायमध्ये बातों नावाच्या वाद्य करणाऱ्याने जुन्या, पडून राहिलेल्या गिटारींच्या पेट्या घेतल्या आणि त्यांत व्हिएलची यंत्रणा बसवली. आवाज गोड झाला, रूप बदललं. काही वर्षांत ल्यूट या जुन्या तंतुवाद्याच्या फुगीर पेट्याही तशाच वापरल्या गेल्या. हस्तिदंताच्या कडा आल्या, खुंट्यांच्या टोकाला कोरलेलं स्त्रीचं मस्तक आलं. पॅरिसच्या ला व्हिलेत भागातल्या संगीत संग्रहालयात काचेमागे अशा व्हिएल आहेत. त्या बघताना कळतं की ही वस्तू रस्त्यावर एक पावसाळी दिवसही टिकली नसती. पंधराव्या लुईची राणी मारी लेश्चिन्स्का व्हिएल वाजवायची. मेंढपाळांची बॅगपाइप म्हणजे म्युझेट, तीही रेशमाची गवसणी घालून दिवाणखान्यात आली. या हौशी मंडळींसाठी धडाधड संगीत छापलं जाऊ लागलं. निकोला शेदव्हिल या म्युझेटवादकाने तर १७३७ मध्ये स्वतः रचलेले तुकडे विवाल्दीचे म्हणून छापून विकले, आणि ती गोष्ट जवळजवळ अडीचशे वर्षं कुणाच्या लक्षात आली नाही.

याच वर्षांत पॅरिसच्या रस्त्यांवर तेच वाद्य जुन्याच हातांत होतं. आल्प्समधल्या साव्हुआच्या डोंगरांतून मुलं हिवाळ्यात उतरायची. धुराडी साफ करायची, पाळलेला मार्मोट, म्हणजे डोंगरातला खारीच्या कुळातला गुबगुबीत प्राणी, नाचवून दाखवायचा, व्हिएल नाहीतर बासरी वाजवायची. चित्रकार आंत्वान वातोने असा एक मार्मोटवाला रंगवला आहे, हातात बासरीसारखं वाद्य आणि खोक्यावर तो प्राणी. १७३२ मध्ये त्याचं छापचित्र निघालं. आणि शिल्पकार बुशार्दोंने १७३७ ते १७४६ या काळात ‘पॅरिसचे पुकारे’ म्हणून साठ चित्रांची मालिका केली: पाणीवाला, झाडूवाली, जुने कपडे घेणारा. काउंट केल्यूस या उमरावाने ती पत्र्यावर उतरवली. त्यांतल्या एका बाईच्या पोटावर हाताने फिरवायचा ऑर्गन आहे आणि पाठीवर जादूच्या दिव्याची, म्हणजे काचेवरची चित्रं उजेडाने भिंतीवर पाडणाऱ्या यंत्राची, अवजड पेटी. वाकलेली नाही ती, नीट उभी आहे. पण पट्टे खांद्यांत कसे रुतले असतील ते कुणालाही कळावं.

पट्टे! मेट्रोतल्या वादकाने म्हटलं नसतं तर मी कधीच मोजले नसते. गरिबांच्या चित्रांत वाद्य अंगाला बांधलेलं असतं. दोरीने, चामड्याने, फडक्याने. ते दिवसभर न्यायचं असतं, चालता चालता वाजवायचं असतं. श्रीमंतांच्या शोभेच्या चित्रांत वाद्य नुसतं टेकलेलं असतं. मांडीवर, गुडघ्याला, गवतावर. संपलं की नोकर उचलून नेणार. तो नोकर चित्रात नसतो. मैफलीच्या चित्रातही मी खूप शोधलं की यातला पाहुणा कोण आणि पैसे घेऊन आलेला वादक कोण. तेव्हाच्या दिवाणखान्यांत हौशी आणि पेशेवर शेजारी बसून वाजवत. चित्रावरून सांगता येत नाही. रेम्ब्रांटच्या दारातलं ते नाणं या दिवाणखान्यातही कुठे तरी आहेच, फक्त ते कुणाच्या हातावर पडताना आपण बघायचं नाही.

वातोच्या बाबतीत मला घाईने न्याय करायचा नाही. बागेत रमलेली, गिटार छेडणारी, अर्ध्या वाक्यावर थांबलेली माणसं हे त्याचंच जग, आणि जेवणघरांतल्या सगळ्या कोकरू-झाड-सॅटिनची वंशावळ तिथेच जाते. पण तो स्वतः व्हालांसिएनमधल्या एका कौलारूचा मुलगा, छपरं घालणाऱ्याचा. त्याची गिटारवाल्यांच्या हातांची रेखाटनं बघा. बोटं तारेवर खरोखर दाब देतात, मनगट वळतं, कोपर कुठे टेकलं आहे ते कळतं. त्याने वादकांसमोर बसून ती केली आहेत यात मला तिळमात्र शंका नाही.

१७२१ मध्ये छत्तिसाव्या वर्षी तो गेला. त्याचा मित्र झां द झुलियेन, कापड आणि रंगाच्या धंद्यातला धनिक, याने ठरवलं की वातोचं सगळं काम छापून काढायचं. १७२६ आणि १७२८ मध्ये रेखाटनांचे दोन खंड निघाले, साडेतीनशेच्या आसपास पत्रे. पाठोपाठ रंगचित्रांवरून केलेली छापचित्रं. त्यातले बरेच पत्रे कोरणारा एक पोरगा होता, रोजचे चोवीस लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) घेऊन खुशीत काम करायचा. त्याचं नाव फ्रांस्वा बुशे. पुढे तो राजाचा चित्रकार झाला.

इथून ती चित्रं पसरली. पंख्यांवर, तपकिरीच्या डब्यांवर, भिंतींच्या लाकडी तावदानांवर, जर्मनीतल्या माइसेनच्या चिनीमातीवर. कारागिरासमोर छापचित्र असायचं, त्याच्या पुढच्या कारागिरासमोर त्या कारागिराची नक्कल. दर वेळी सॅटिनची चकाकी नीट उतरायची, कारण गिऱ्हाइकाला ती हवी होती, आणि हात थोडा बिघडायचा, कारण हाताकडे कुणी बघत नव्हतं. दोनशे वर्षांत दाबणाऱ्या बोटांची नाजूक बोटं झाली. माझ्या बाईंची मेंढपाळीण या रांगेच्या शेवटी बसली आहे. तिच्यावर माझा राग नाही. तिच्या हाताला काय करायचं होतं ते वाटेत कुठे तरी हरवलं, एवढंच.

चित्रकार होगार्थचा इथे उल्लेख केला नाही तर मला चैन पडणार नाही, जरी तो लंडनचा. १७४१ च्या त्याच्या चित्रात झुलपेदार विगवाला व्हायोलिनवादक खिडकीत कानांवर हात दाबून उभा आहे, आणि खाली रस्त्यावर कडेवर रडतं मूल घेऊन गाणारी बाई, ढोल बडवणारा पोरगा, सुऱ्यांना धार लावणारा, दूधवाली, मासेवाला, घंटा वाजवणारा कचरेवाला. बहुतेक लोक खिडकीतल्या माणसाला हसतात. मी खालच्या गर्दीतली वाद्यं मोजते. गाणाऱ्या बाईचंही ते कामच आहे, व्हायोलिनवाल्याइतकंच.

आणि तुलूझ-लोत्रेक, कारण चौकटीसाठी आमच्याकडे सगळ्यांत जास्त तोच येतो, अर्थातच आधुनिक छपाईत. ‘दिव्हाँ जापोने’ या कॅफेसाठी त्याने १८९३ मध्ये केलेलं पोस्टर. समोर काळ्या पोशाखात झान आव्रिल बसली आहे, ती स्वतः नर्तकी, पण इथे प्रेक्षक. मधल्या खड्ड्यातून वाद्यांच्या माना आणि सूचना देणारे दोन हात वर आले आहेत. मागे रंगमंचावर गायिका, तिचे लांब काळे हातमोजे दिसतात आणि डोकं कागदाच्या वरच्या कडेने छाटलेलं आहे. हातमोज्यांवरून अख्ख्या पॅरिसने ओळखलं की ती इव्हेत गिल्बेर. उमराव घराण्यातल्या या चित्रकाराने गाणारीला बिनडोक्याची आणि वादकांना बिनचेहऱ्याचं ठेवलं, आणि ते लपवलं नाही. आपण गाणं ऐकायला गेलो की प्रत्यक्षात कुणाकडे बघतो, हे त्याने जसंच्या तसं ठेवलं. गिऱ्हाईक कधी कधी म्हणतं, वर अजून दोन सेंटीमीटर माउंट येऊ द्या, ते अर्धवट नको दिसायला. मी हात जोडून नाही म्हणते.

एप्रिलमध्ये मी बाईंच्या चौकटी उघडल्या. पाठीची खिळपट्टी काढली, जुना पुठ्ठा सोलला. स्वस्त लाकडी लगद्याचा माउंट वर्षानुवर्षं कागदाला आतून भाजतो. खिडकीच्या कडेने चहूबाजूंनी तपकिरी रेघ पडली होती. आणि माउंट उचलल्यावर जोडीच्या दोन्ही चित्रांखाली मजकूर निघाला. कुणी तरी तो झाकून टाकला होता. शोभेच्या चित्रांत हे सर्रास होतं, खालची अक्षरं डोळ्यांना खुपतात म्हणून.

मध्यभागी मोठ्या वळणदार अक्षरांत अर्पणपत्रिका, मैफल एका काउंटेसला वाहिलेली. डाव्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत, चित्र ज्याने रेखाटलं त्याचं नाव. उजव्या कोपऱ्यात तेवढ्याच अक्षरांत ज्याने कोरलं त्याचं, द्युक्लोचं. त्या दिवाणखान्याची प्रत्येक घडी, प्रत्येक मेणबत्ती, प्रत्येक केस त्याने टोकदार पोलादाने तांब्यात ओढला. चित्रात कुणाला बसायला खुर्ची मिळाली हे आपण बघतोच, पण कुणाला किती उंचीची अक्षरं मिळाली हेही त्याच कागदावर लिहिलेलं आहे.

बाईंना मी बोलावून घेतलं. टेबलावर दोन्ही कागद उघडे ठेवले, भिंग दिलं. त्यांनी काउंटेसचं नाव मोठ्याने वाचलं, मग कोपऱ्यांकडे गेल्या. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आजीकडे रोज यांच्याखाली बसून जेवलो आम्ही. खाली लिहिलेलं आहे हेच माहीत नव्हतं.” हिरवा रंग ठेवायचा होता, तो ठेवला. माउंटची खिडकी साडेतीन सेंटीमीटर खाली नेली, तिरकी कड नवीन पात्याने कापली, कागद गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने आणि जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्यांनी वरून टांगला.

मेंढपाळणीचा माउंट मी सगळ्यांत शेवटी उचलला. खाली काही नव्हतं. आधीच्या कुणी तरी कागदाची कड चित्रापर्यंत सुरीने साफ कापली होती. नाव असेल तर ते त्या पट्टीबरोबर गेलं. तिच्यासाठी मी पाठीच्या पुठ्ठ्यावर, आमची नेहमीची तारीख लिहितो त्याच्या खाली, मऊ शिसपेन्सिलीने चार ओळी लिहिल्या. वाद्य: व्हिएल. छापात डावं-उजवं उलटलेलं. वाद्याचा पट्टा चित्रात दाखवलेला नाही. कोरणाऱ्याचं नाव कापलं गेलं.